आधी हौद खणायचा

‘मी व्यायाम करतो’ हे वाक्य कोल्हापुरातल्या जुन्या माणसाच्या तोंडून फारसं ऐकू येत नाही. तो म्हणतो, ‘तालमीत जातो’, ‘रंकाळ्यावर जातो’, ‘घाटावर पोहायला जातो’, ‘जोतिबाला चालत जातो’. क्रियापद प्रत्येक वेळी ‘जाणं’ असतं आणि त्याच्या आधी एका जागेचं नाव असतं. तिथे गेल्यावर शरीराचं काय करायचं ते ती जागाच ठरवते. हौदात उतरलं की झोंबायचं, पाण्यात उतरलं की हातपाय मारायचे, डोंगर आला की चढायचा.

माझ्या पिढीचं वाक्य वेगळं आहे. आम्ही ‘वर्कआउट’ करतो, आणि तो कुठेही होतो. हॉटेलच्या खोलीत, सोसायटीच्या तळघरातल्या जिममध्ये, किंवा डोळ्यांवर हेडसेट चढवून आल्प्सच्या रस्त्यावर. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे या बदलामागचा विचार मला ओळखीचा वाटतो. जागा हा तपशील आहे, मूळ काम वेगळं. तपशील बदलला तरी उत्तर तेच यायला हवं. आमच्या धंद्यात ही फार उपयोगी समजूत आहे. माणसाच्या शरीराला ती लागू पडते का, हा खरा प्रश्न.

गेली चाळीस वर्षं इंग्लंड-अमेरिकेपासून जपानपर्यंतचे संशोधक या प्रश्नाची मोजमापं घेत आहेत. कोल्हापूरनं त्याला शंभर वर्षांपूर्वीच स्वतःचं उत्तर दिलं होतं, तेही माती खणून. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तर त्यातून आपल्या आजच्या शहराबद्दल काहीतरी अवघड निघतं.

१९१२ : एक हौद, एक घोडा

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. ते स्वतः कुस्ती खेळलेले. पैलवानांचा खुराक, तालमींना मदत, पंजाबपर्यंतच्या मल्लांना आश्रय, हे सगळं त्यांच्या काळात राज्याच्या खर्चाचा भाग झालं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपला गेले, तेव्हा रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं. तसं मैदान आपल्याकडे हवं, या विचारातून खासबाग मैदान उभं राहिलं. साल १९१२.

खासबागची रचना एखाद्या मोठ्या बशीसारखी आहे. मधोमध आखाडा, भोवती चढत जाणारा उतार. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या माणसाला पैलवानाची पाठ मातीला लागलेली दिसते. डोक्यावर छप्पर नाही. मातीतली कुस्ती, मातीवर बसलेले लोक आणि वर आभाळ, एवढाच सगळा थाट.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये टायटॅनिक जहाज निघालं. त्याच्या वरच्या डेकवर एक व्यायामशाळा होती, आणि तिचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्यात विजेवर हलणारा घोडा होता, विजेवर हलणारा उंट होता, वल्ही मारायचं यंत्र होतं आणि जागेवरच फिरणाऱ्या सायकली होत्या. सायकलस्वारानं किती अंतर ‘कापलं’ ते समोरच्या मोठ्या तबकडीवरचा काटा दाखवायचा. बाहेर सगळा अटलांटिक पसरलेला, आणि आत कोट घातलेली माणसं लाकडी घोड्यावर बसून रपेट करताहेत.

मला हा घोडा फार महत्त्वाचा वाटतो. घोड्यावरची रपेट म्हणजे माळ, वारा, घोड्याचा घाम आणि त्याचा लहरीपणा. त्यातून फक्त ‘हलणं’ वेगळं काढलं आणि यंत्रात घातलं. गुस्ताव झँडर नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रं बनवून त्यांच्या व्यायामसंस्था काढल्या होत्या. पुढे युरोप-अमेरिकेत त्यांचं पीक आलं. आजचा हेडसेट हा त्याच घोड्याचा पणतू आहे. फरक इतकाच, की घोड्यानं माळ गाळून टाकला होता आणि हेडसेट त्या माळाचं चित्र परत आणून देतो.

कातडीला कळणारा निसर्ग

तालीम म्हणजे निसर्गाच्या कुशीतला व्यायाम, असं म्हणायचा मोह होतो. पण जुन्या बांधणीच्या तालमीत पाऊल टाकून बघा. दार ठेंगणं, वाकूनच आत जावं लागतं. खिडक्या लहान, उजेड बेताचा. आतून ना झाड दिसतं ना डोंगर. डोळ्याला म्हणाल तर तिथे निसर्ग नावाची गोष्टच नाही.

तो असतो पायाखाली. शेताशिवारातली तांबडी माती चाळून आत आणलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असं काय काय मिसळतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं, आणि आपलंच प्रमाण बरोबर याबद्दल प्रत्येक वस्तादाची खात्री. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं महाराष्ट्रभर गेली ती या मातीत घोटून निघालेल्या पठ्ठ्यांमुळे. पैलवान या कसरतीला ‘मेहनत’ म्हणतात, आणि मेहनतीची पहिली पायरी डाव नसतो. आधी हौद खणायचा. पहाटे पोरं खोरी घेऊन उतरतात आणि कालची दबलेली माती उकरून, उलटून मऊ करतात. खांदे, पाठ, मनगट आणि पकड यांची अर्धी तयारी तिथेच होते. मऊ केलेल्या मातीवर पडलं की हाड वाचतं, आणि पाय रोवायला मात्र दुप्पट ताकद लागते.

मऊ जमिनीचा हा हिशोब नंतर मोजलाही गेला. १९९८ च्या एका अभ्यासात वाळूवर चालायला कडक जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असं आढळलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर लहान-मोठे ठोकळे चिकटवले. उंचवटे जेमतेम अडीच सेंटिमीटरचे, पण त्यावर चालताना ऊर्जेचा खर्च २८ टक्क्यांनी वाढला. सपाट पट्ट्यावर पुढचं पाऊल मागच्या पावलाची नक्कल असतं. खडबडीत जागी घोटा, गुडघा आणि कंबर यांना दर पावलाला नवा निर्णय घ्यावा लागतो. जोतिबाच्या खेट्यांना माघातल्या रविवारी पहाटे अनवाणी निघणारा माणूस, किंवा आषाढात पन्हाळ्याहून मसाई पठार तुडवत चिखलातून पावनखिंडीकडे जाणारा पोरांचा जथा, हे निर्णय हजारोंनी घेत असतो.

मातीचा दुसरा हिशोब जंतूंचा आहे. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून पसरली. तीन ते पाच वर्षांची मुलं तिच्यात खेळली. २८ दिवसांत त्यांच्या कातडीवरच्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या काही खुणाही बदलल्या. हा प्रयोग पैलवानांवर झालेला नाही, आणि मातीतून कातडीचे आजारही पसरू शकतात, तेव्हा तांबड्या मातीला औषध म्हणून विकायची घाई नको. पण निसर्ग हा फक्त बघण्याचा मामला नाही, एवढं यातून नक्की कळतं.

मग कुस्ती मॅटवर का गेली? कारण जगातली कुस्ती मॅटवर होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडन असो वा हेलसिंकी, मॅट सगळीकडे सारखी असते, म्हणून तर स्पर्धेला ती लागते. आज कोल्हापूरच्या तालमींतही मॅट आली आहे, आणि ज्या पोराला देशासाठी खेळायचं आहे त्याला ती हवीच. पण मॅट खणावी लागत नाही. या एका वाक्याकडे मला शेवटी परत यायचं आहे.

शिक्षेपासून सवयीपर्यंत

ट्रेडमिलचा जन्म तुरुंगातला. १८१८ मध्ये, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानं कैद्यांना कामाला लावण्यासाठी एक प्रचंड दंडगोल बनवला. त्याच्यावर पायऱ्या होत्या. कैदी पायरी चढायचा, चाक फिरायचं, पायरी खाली यायची. तो तासन् तास चढत असे आणि तिथेच असे. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे पाणी उपसलं जाई आणि कुठे चाक नुसतंच फिरे. पुढे कैद्यांच्या मध्ये फळ्याही घातल्या, म्हणजे शेजारचा दिसायला नको. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड याच्या वाट्याला हे चाक आलं. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ते बंद झालं.

जे यंत्र शिक्षा म्हणून सोडून दिलं, ते विसाव्या शतकात डॉक्टरांनी दुसऱ्या रूपात उचललं. रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञानं चालत्या पट्ट्यावर रुग्णाला चालवून हृदयाची तपासणी करायची पद्धत बसवली. आज आपण जिला ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणतो ती हीच. १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं. ते वाचून विल्यम स्टॉब या मेकॅनिकल इंजिनियरला वाटलं, की थंडीपावसात माणसं बाहेर पडणार नाहीत, त्यांना घरात पळता आलं पाहिजे. त्यानं घरगुती ट्रेडमिल बनवली.

स्टॉबचं म्हणणं कोल्हापूरकराला पटायला हरकत नाही. इथला पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबर आला तरी निरोप घेत नाही. रात्री नऊ वाजता ऑफिस सुटणाऱ्या मुलीला अंधाऱ्या रस्त्यानं पळायला जा म्हणणं सोपं आहे, ते सांगणाऱ्याला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला खडबडीत वाट नको, धरायला दांडा हवा. यंत्र ज्यांच्या कामाचं आहे, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. जुन्या तालमीत तर बाईला प्रवेशच नव्हता, तिथल्या मातीचे गोडवे गाताना हेही लक्षात ठेवावं.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर पट्टा फार मागेही नाही. १९९६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं, की पट्ट्याला एक टक्का चढ दिला की बाहेर पळताना वाऱ्याला कापायला लागणारी जादा ऊर्जा भरून निघते. वाऱ्याची किंमत एक टक्का चढ. इंजिनियरला आवडेल असं हे उत्तर आहे. उरलेल्या गोष्टींची किंमत काढायला मात्र मनाकडे वळावं लागलं.

इसेक्सची भिंत

२००५ मध्ये इंग्लंडच्या इसेक्स विद्यापीठात जूल्स प्रेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. शंभर माणसं, वीस-वीसचे पाच गट. सगळे ट्रेडमिलवर पळणार. एका गटासमोर कोरी भिंत. बाकी चार गटांसमोरच्या भिंतीवर तीस चित्रांची मालिका: कुणाला सुंदर ग्रामीण दृश्यं, कुणाला सुंदर शहरी दृश्यं, कुणाला विद्रूप शहर, आणि कुणाला विद्रूप केलेलं ग्रामीण दृश्य, म्हणजे कचरा, मोडतोड, प्रदूषण. आधी आणि नंतर रक्तदाब, आत्मसन्मान आणि मनःस्थिती मोजली.

कोऱ्या भिंतीसमोर पळूनही रक्तदाब उतरला आणि आत्मसन्मान वाढला. म्हणजे व्यायाम स्वतःचं काम करतोच. सुंदर दृश्यं पाहणाऱ्यांचा आत्मसन्मान त्याहून जास्त वाढला, मग ती गावाची असोत की शहराची. रक्तदाबाच्या बाबतीत सुंदर ग्रामीण दृश्यांचा गट सर्वांत पुढे. आणि चौथ्या प्रकारच्या चित्रांनी काय केलं? ते जरा पुढे सांगतो, कारण कोल्हापूरचा संबंध तिथेच येतो.

निसर्गातल्या अशा व्यायामाला या मंडळींनी ‘हरित व्यायाम’ म्हटलं. २०१० मध्ये जो बार्टन आणि प्रेटी यांनी ब्रिटनमधल्या दहा अभ्यासांतली १,२५२ माणसांची माहिती एकत्र केली. सर्वांत मोठी उडी पहिल्या पाच मिनिटांत दिसली, आणि जिथे पाणी होतं तिथे परिणाम जास्त होता. रंकाळ्याच्या काठानं रोज चालणाऱ्याला ही बातमी वाटणार नाही, पण आकड्यांत लिहिलेली पाहून बरं वाटतं.

२०१२ चा एक छोटा प्रयोग तर गमतीचा आहे. चौदा जणांना पाच-पाच मिनिटं जागेवरची सायकल चालवायला लावली आणि समोर हिरव्या रस्त्याची फिल्म दाखवली. एकदा जशीच्या तशी, एकदा काळी-पांढरी, एकदा लाल काचेतून पाहावी तशी. हिरव्या फिल्मसमोर श्रम कमी वाटले आणि मन शांत राहिलं. लाल फिल्मनंतर राग जास्त होता. तांबड्या मातीतून डोळे वटारत उठणारा पैलवान आठवून मला हसू आलं. पण चौदा माणसांवरून शास्त्र उभं राहत नाही, आणि मातीचा तांबडा आणि पडद्याचा लाल हे दोन वेगळे रंग आहेत.

काच आणि पडदा

पडद्यावरचा निसर्ग चालतो, तर खरा कशाला? हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. २०१४ मध्ये आलेल्या ‘झ्विफ्ट’वर माणसं घरात सायकल मारतात आणि पडद्यावर वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावरून फिरतात. चढ आला की पेडल जड होतं. हे उत्तम सॉफ्टवेअर आहे आणि त्यानं अनेकांना खुर्चीतून उठवलं आहे.

१९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांच्याशी मिळतेजुळते असलेल्या दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. मग २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांनी पुढचा प्रश्न विचारला: खिडकीऐवजी तेच दृश्य थेट दाखवणारा मोठा पडदा लावला तर? थोड्या ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला काचेच्या खिडकीनं मदत केली. पडदा मात्र कोऱ्या भिंतीच्या पुढे गेला नाही.

२०२० मध्ये खऱ्या आणि आभासी निसर्गाची तुलना करणारे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झालं. वाईट भावना कमी करण्यात दोघांत फारसा फरक नाही. चांगल्या भावना वाढवण्यात खरा निसर्ग पुढे. पडदा दुखणं झाकतो आणि खरी जागा त्यापलीकडे काहीतरी देते, असं मी त्याचं भाषांतर करतो.

ते ‘काहीतरी’ काय असावं याचा एक धागा २०१५ चा. स्टॅनफर्डच्या परिसरात ३८ माणसांपैकी काहींना गवताळ टेकडीवर आणि बाकीच्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेनं दीड तास चालवलं. टेकडीवाल्यांचा मनातल्या मनातला रवंथ कमी झाला. ‘त्यानं असं का म्हटलं, मी असं का वागलो’ हे पुन्हा पुन्हा चघळत बसणं, तो रवंथ. मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागातली हालचालही कमी दिसली. सगळा दिवस स्क्रीनसमोर बसून संध्याकाळी त्याच दिवसाचा रवंथ करणाऱ्या माझ्यासारख्यांना हा निष्कर्ष रक्तदाबापेक्षा जवळचा वाटतो.

या सगळ्या अभ्यासांना एक मोठी मर्यादा आहे. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी मिळाली ते लपवता येतं, पण माणसापासून झाड लपवता येत नाही. आपण बागेत आहोत हे कळल्यावर ‘बरं वाटतं’ असं तो सांगणारच. बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि परिणाम थोड्या वेळाचे आहेत. २०११ मध्ये अशा अकरा चाचण्यांचा आढावा घेणाऱ्यांनी बाहेरच्या व्यायामाच्या बाजूनं कौल दिला, पण पुरावा कच्चा असल्याचंही सांगितलं.

हिरवा रंकाळा

आता ते चौथ्या प्रकारचं चित्र. इसेक्सच्या प्रयोगात सर्वांत वाईट परिणाम विद्रूप शहराचा झाला नाही, विद्रूप केलेल्या ग्रामीण दृश्याचा झाला. व्यायामानं मनाला जो फायदा होत होता, तोच या चित्रांनी मनःस्थितीच्या तीन मोजपट्ट्यांवर खाली ओढला. सिमेंटच्या जंगलात घाण दिसली तर मन फारसं दचकत नसावं. पण तळ्यात, रानात, नदीत घाण दिसली की ते खचतं.

रंकाळ्याचं काय झालं ते कोल्हापूरला ठाऊक आहे. हे शहराचं सगळ्यात लाडकं पाणी. इथला दगड देवळांना गेला आणि खाणीत पाणी साठलं, असं सांगतात. काठावरचा नंदी रोज कणभर पुढे सरकतो, ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर ऐकतं. १९३० च्या दशकात काठावर शालिनी पॅलेस उभा राहिला. पहाटे आणि संध्याकाळी काठावर शहर चालतं: पेन्शनर, नवी लग्नं झालेली जोडपी, डॉक्टरनं दम दिलेले व्यापारी. आणि याच तळ्यात वर्षानुवर्षं वस्त्यांचं सांडपाणी येत राहिलं. केंदाळ माजलं. गेल्या दशकाच्या सुरुवातीला निळ्या-हिरव्या शेवाळानं पाणी रंगासारखं दाट हिरवं झालं आणि माणसं नाकाला रुमाल लावून चालली. लांबून काढलेल्या फोटोत तळं हिरवंगार दिसलं असतं. कॅमेऱ्याला वास येत नाही, हे पडद्याच्या आणि जागेच्या फरकाचं मला सापडलेलं सगळ्यात साधं उदाहरण.

पंचगंगेचंही तेच. या घाटावर कोल्हापूरच्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पाण्यात ढकललं की झालं प्रशिक्षण. त्याच नदीत जयंती नाल्याचं पाणी मिसळत आलं आहे, आणि खालच्या अंगाला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. अशा पाण्यात मुलाला सोडायला आईबाप कचरतात आणि तरणतलावाची फी भरतात. त्यांचं काहीच चुकत नाही. पण यात एक फुकटची व्यायामशाळा बंद झाली, आणि तिच्या बंद होण्याची नोंद कुठल्याही खात्याकडे नाही.

माझ्या पिढीनं पट्ट्याकडे आणि पडद्याकडे जाण्याचं कारण फक्त आळस किंवा मोबाइलचं वेड नाही. जिथे ‘जायचं’ त्या जागा नासल्या. मग ‘जाणं’ गेलं आणि ‘करणं’ उरलं.

खोरं कुणाच्या हातात?

इथे हौदाकडे परत येतो. तालमीत व्यायामाची जागा राखणं हे व्यायामापासून वेगळं काम नव्हतं. जो मातीत लढणार, तोच माती खणणार. आज खणली नाही तर उद्या कुणाचा तरी खांदा निखळणार, हे सगळ्यांना माहीत. आम्ही रंकाळ्यावर चालायला शिकलो, पण रंकाळ्याचा हौद कधी खणला नाही. तिथे आम्ही प्रेक्षक राहिलो, इसेक्सच्या भिंतीसमोरच्या माणसांसारखे. समोर जे चित्र लागेल ते बघायचं.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम बर्ड या डॉक्टरनं एका पर्यावरण संस्थेबरोबर ‘ग्रीन जिम’ सुरू केली. तिथे यंत्रं नाहीत. माणसं ठरलेल्या दिवशी जमतात, अंग मोकळं करतात आणि मग झाडं लावतात, माजलेलं झुडूप काढतात, पायवाटा दुरुस्त करतात. व्यायाम आणि राखण एकाच घामात. तालमीतल्या पोराला यात नवल वाटणार नाही. कोल्हापुरातही रविवारी हातमोजे घालून काठावरचं प्लॅस्टिक आणि केंदाळ काढणारी माणसं आहेत. त्यांना आपण ‘समाजसेवक’ म्हणून हार घालतो आणि बाजूनं चालत पुढे जातो. खरं तर त्या काठावरची सगळ्यात पूर्ण मेहनत त्यांचीच चाललेली असते.

मात्र खोऱ्यानं सांडपाणी अडत नाही. हौद पोरांनी खणला तरी तालमींना आसरा राज्यानं दिला होता, खासबाग लोकवर्गणीच्या झाडूनं उभं राहिलं नव्हतं. नाला अडवणं, पाणी शुद्ध करूनच सोडणं, हे महापालिकेचं आणि सरकारचं काम आहे, आणि ते आरोग्याच्या खर्चात मोडतं. शाहू महाराजांच्या काळात मल्लविद्येवरचा खर्च उधळपट्टी समजला गेला नाही. तळ्यावरचा खर्च मात्र आज सुशोभीकरणाच्या खात्यात जातो: कारंजं, दिवे, रंगीत फरशी. चित्र सुधारतं, पाणी तसंच राहतं.

पुढच्या वेळी आपल्या वॉर्डात बागेच्या कोपऱ्यात लोखंडी यंत्रं बसवून ओपन जिमचं उद्घाटन होईल. नारळ फुटेल, फोटो निघतील. यंत्रं जरूर वापरावीत. फक्त फीत कापायला आलेल्या साहेबांना एक प्रश्न विचारावा: इथून जवळचा नाला कुठला, आणि त्याचं पाणी कुठे जातं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं. शहराचा हौद खणण्याची सुरुवात तिथूनच होईल.